हरितगृहात मुंग्या आणि चिलटं झाली आहेत. मित्रकीटक न मारता बंदोबस्त कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की मुंग्या रोपांवर चढउतार करतात, कुंडी हलवली की बारीक काळी चिलटं उडतात आणि मुद्दाम सोडलेले लेडीबर्ड भुंगेरे जपायचे आहेत. मग फवारणी नकोच. अगदी कडुनिंबाच्या तेलाचीही नको. भुंगेऱ्यांच्या अळ्यांना तीही बाधते.

आधी मुंग्या. कोवळ्या शेंड्याचं पान उलटून बघा, बहुतेक मावा नाहीतर पिठ्या ढेकूण, म्हणजे रोपाचा रस शोषणारे बारीक कीटक, सापडतील. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्या बदल्यात राखण करतात. लेडीबर्ड, क्रायसोपा (मावा खाणारा जाळीदार पंखांचा मित्रकीटक), माव्यात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या, सगळ्यांना पिटाळून लावतात. मुंग्यांची वाट बंद झाली की तुमच्या भुंगेऱ्यांना माव्यावर मोकळं रान मिळतं.

त्यासाठी बेंचचे पाय साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. एक फांदी जरी टेकली तरी वाट्यांचा उपयोग शून्य. शिवाय आमिष ठेवा: 250 मिली पाणी, 50 ग्रॅम साखर, अडीच ग्रॅम बोरिक पावडर. पावडर वाढवायचा मोह होतो, पण मग मुंग्या वाटेतच मरतात, वारुळातल्या राणीपर्यंत काही पोचत नाही. त्यात भिजवलेला बोळा झाकणाच्या डबीत ठेवा. भोकं मुंगीपुरतीच, मधमाशी शिरता कामा नये. मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून डबी लांब. सुरुवातीला डबीपाशी झुंबड उडेल, उडू द्या.

चिलटांचं मूळ बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्यात असतं. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या कुंडीच्या वरच्या ओल्या थरात बुरशी आणि कोवळी मुळं खातात. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. निम्मं काम तिथेच होतं. मातीवर बटाट्याचा काप ठेवा, दोन दिवसांनी उलटा केलात की अळ्या किती आहेत ते दिसेल. खूप असतील तर बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे चिलटांच्या अळ्या मारणारे जिवाणू, पाण्यातून द्या. पाकिटावर 'कुर्स्टाकी' असेल तर घेऊ नका, ते पतंगांच्या अळ्यांसाठी असतं. अंडी आणि कोषांवर बीटीआय चालत नाही, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावं लागतं. स्टायनरनेमा फेल्टी हे अळ्या मारणारे सूत्रकृमी (सूक्ष्म किडे) मिळाले तर तेही उत्तम.

पिवळे चिकट सापळे लावायचे तर मातीलगत आडवे ठेवा. वर टांगलेत तर चिलटांबरोबर त्या गांधीलमाश्याही चिकटतात.