घोणीच्या विषात करिअर होतं का? आधी लेकीला लॅपटॉपवर बसवा

नमस्कार दादा, मेल वाचला. लेक एसवाय बीएस्सी झूलॉजीला, तिला घोणीच्या (सेंटीपीडच्या) विषातले जीन्स शोधायचेत आणि तुम्ही विचारताय की किडे पकडून पोट भरणार का.

अहो, यात किडे पकडणं फार कमी. घोणीचं विष काढायचं, मग काही दिवसांनी ग्रंथी नवीन विष बनवत असताना तिच्यातला आरएनए (चालू जीन्सची नक्कल) काढून सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्याची अक्षरं वाचायला द्यायचा, बस, इथपर्यंतच प्राण्याशी संबंध. पुढे बरंचसं कॉम्प्युटरवर, लाखो तुकडे जुळवत बसायचं आणि त्यातून सिग्नल पेप्टाइड (प्रथिन पेशीबाहेर पाठवणारी खूण) असलेले, सिस्टीन या अमिनो आम्लाची ठरावीक मांडणी असलेले जीन्स वेगळे काढायचे. मग मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे विषातले रेणू वजनावरून ओळखायचे, कारण जीन दिसला म्हणजे त्याचं पेप्टाइड (छोटं प्रथिन) विषात उतरतंच असं नाही. शेवटी ते पेप्टाइड बनवून आयन चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या दारांवर टेस्ट करायचं.

उपयोग काय म्हणाल तर 2018 चं चीनमधलं काम बघा. तीनेक ग्रॅमची घोण 45 ग्रॅमचा उंदीर अर्ध्या मिनिटात कसा लोळवते, तर तिच्या विषातलं एसएसटीएक्स नावाचं पेप्टाइड पोटॅशियमचे केसीएनक्यू चॅनेल बंद करतं, हृदय, श्वास, मेंदू सगळ्यावर एकदम घाला. आणि रेटिगाबिन हे 2017 पर्यंत फिट्सवर मिळणारं औषध हेच चॅनेल उघडतं, ते उताऱ्यासारखं चाललं! कोन शंख या समुद्री गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं झिकोनोटाइड तर 2004 मध्येच अमेरिकेत वेदनेवर मान्य झालं. घोणीचं असं औषध अजून बाजारात नाही, हेही तिला सांगा.

आता पैशाचं. पीएचडीशिवाय यात फारसं काही नाही, म्हणजे बीएस्सीनंतर सात-आठ वर्षं धरा. एमएस्सीला आयआयटी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, नंतर पीएचडीसाठी नेट-जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये. बेंगळुरूच्या आयआयएससीत विषांवरच काम करणारी लॅब आहे, हैदराबादच्या सीसीएमबीत घोणींच्या उत्क्रांतीवर काम झालंय. पण माझं मत विचाराल तर प्राणी बघून नाही, गाइड आणि टेक्निक बघून लॅब निवडावी, घोण सुटली तरी सिक्वेन्सिंग डेटा वाचणारी पोरगी फार्मात, डायग्नोस्टिक्समध्ये कुठेही खपते.

सध्या तिला लिनक्स आणि पायथॉन शिकू दे, क्लास लावू नका, फुकट मिळतं सगळं. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी जीन्सच्या डेटाबेसवर घोणीच्या विषग्रंथीचा डेटा खुला पडलाय, तो उतरवून एखादा टॉक्सिन जीन शोधून दाखव म्हणावं. सुट्टीभर हे करून कंटाळली नाही तर मला फोन करा, मग गाइडचं बोलू.