डोक्याला मार लागून बरा झालेला माणूस ‘मुद्दाम’ असा वागतो का?

आपल्या भावाच्या डोक्याला सहा महिन्यांपूर्वी मार लागला, आता स्कॅन ठीक आहे, तरीही तो विसरतो, भडकतो, वहिनी रडकुंडीला आल्या आहेत आणि घरचे ‘मुद्दाम करतो’ म्हणतात, असे आपण लिहिले आहे. तो मुद्दाम करत नाही, हे आधी घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. परंतु डोके जोरात हिंदकळल्याने मेंदूतील बारीक तंतूंना झालेली इजा त्यात पुष्कळदा दिसत नाही, आणि कपाळामागचा भाग दुखावला असेल तर राग आवरणे व कामाचा क्रम लावणे हेच अवघड होऊन बसते.

हे मी अनुभवाने सांगते. माझे पती शिरोलीला एका फाउंड्रीत कामाला होते. रात्रपाळीहून कोल्हापूरला परतताना महामार्गावर दुचाकी घसरली, तेव्हा हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. टाके निघाल्यावर पाहुणे म्हणू लागले, ‘आता काय, चांगला फिरतोय की!’ मात्र कुकरची शिट्टी आणि टीव्ही एकदम सुरू झाले की तेच दोन्ही हातांनी डोके दाबून धरत, आणि चहा करायला उठले की दुधाचे पातेले हातात घेऊन ओट्यापाशी नुसते उभे राहत. तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले होते, त्याचे मला अजून वाईट वाटते.

पुढे चहाची कृती क्रमाने लिहून ओट्याजवळ चिकटवली, एका वेळी एकच गोष्ट सांगू लागलो आणि रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीऐवजी पहाटे जाऊ लागलो, कारण अशा मेंदूला थकवा लवकर येतो आणि थकव्यामागून राग येतो. भावाची स्मरणशक्ती व एकाग्रता तपासणारी न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून करून घेतला जाणारा सराव) यांविषयी न्यूरोलॉजिस्टना स्वतःहून विचारा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनाच्या आजारांवरील राष्ट्रीय संस्थेत यासाठी स्वतंत्र पुनर्वसन विभाग आहे. दारू पूर्ण वर्ज्य करा. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, फिट आली किंवा गुंगी वाटू लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि वहिनींना आठवड्यातून एक दुपार तरी मोकळी द्या. माझ्या नणंदबाई दर रविवारी जेवणानंतर येऊन ह्यांच्याजवळ बसत, त्या दोन तासांत मी शेजारच्या खोलीत दार लावून झोपत असे.