समुद्राकाठच्या छोट्या हॉटेलात खोली घेताना काय काय विचारून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूर तालुक्यातून सहा जण, त्यात दोघं सत्तरीचे आणि एक पूर्ण शाकाहारी, जानेवारीत चार दिवस मालवणला. समुद्राला लागून असलेलं छोटं हॉटेल घ्यावं की गावातलं, आणि पैसे भरण्याआधी काय पाहावं?

काठावरचंच घ्या. इतक्या लांब जायचं आणि रात्री लाट ऐकू येऊ नये, तर मग काहून जायचं? पण फोनवर पहिला प्रश्न पाण्याचा करा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं, बोअरचं पाणी बरेचदा मचूळ असतं, कारण उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं; तिथल्या माणसाला मचूळ पाणी काय ते समजावायला नको. साबण फेसाळत नाही, केस चिकट होतात, चहाची चव जाते. "आंघोळीला नळयोजनेचं पाणी की बोअरचं?" असं सरळ विचारा. खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी हाताला साबण लावून पाहा. फेस येत नसेल आणि नळाच्या तोंडाला पांढरट खपली धरली असेल, तर पिण्यासाठी रोज 20 लिटरचा जार ठरवून घ्या. सहा जणांना तो दिवसभर पुरतो.

आता ऊन आणि वारा. कोकणात समुद्र पश्चिमेला. म्हणजे ज्या खोलीतून समुद्र दिसतो तिच्यात दुपारी तीनपासून बुडेपर्यंत सूर्य थेट आत. वर नुसता स्लॅब असेल तर तो रात्री नऊपर्यंत तापलेला राहतो. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्याची खोली टाळा आणि खिडकीपुढे पडवी किंवा पत्र्याची झडप आहे का ते विचारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतात: दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो. खोलीला फक्त समुद्राच्या बाजूनेच खिडकी असेल तर संध्याकाळी मजा आणि रात्री कोंदट. मागच्या बाजूलाही एक खिडकी किंवा झरोका हवाच.

कूलर मिळेल का, हे विचारू नका. आपल्याकडे हवा कोरडी असते म्हणून खसच्या टट्टीतून आलेला वारा गार लागतो. तिथल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, त्यामुळे कूलर लावला तर अंग आणखी चिकचिक करतं. जानेवारीत पंख्यावर भागतं. एसीचे जास्तीचे पैसे एप्रिल-मेमध्ये द्यावेत.

जाहिरातीतले शब्द जपून वाचा. 'सी-टच' म्हणजे फाटक उघडलं की वाळू, 'सी-फेसिंग' म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे, पण मध्ये रस्ता असू शकतो. 'सी-व्ह्यू' म्हणजे माडांच्या फटीतून निळी रेघ दिसली तरी चालतं. फोटोवर जाऊ नका. खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत चालत, न थांबवता काढलेला एक व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. जो मालक पाठवत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

जागा कोणती? बंदराकडचा भाग सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, पण काठ बराचसा खडकाळ. चिवला किनारा गावातच आहे, पाणी तुलनेनं शांत, बाजार हाकेवर. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, वाळू लांबलचक आणि सुंदर, पण प्रत्येक कामाला रिक्षा. म्हातारी माणसं सोबत आहेत तर मी चिवला सांगेन. त्यांना तळमजल्याची खोली आणि कमोड आहे, हे आधी लिहून घ्या. छोट्या हॉटेलांना लिफ्ट नसते. दाराची कडी आतून लावून पाहा. खाऱ्या हवेनं लोखंड गंजतं, कडी अर्ध्यावर अडकते आणि रात्री आतला माणूस आतच राहतो.

जेवणाचं गणित वेगळं आहे. छोट्या ठिकाणी स्वयंपाक मोजून होतो, त्यामुळे दुपारचं जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. मासळीचा भाव रोज बदलतो, म्हणून सुरमई-पापलेटची थाळी मागवण्याआधी आजचा दर विचारा. बांगडा स्वस्तात पडतो. शाकाहारी माणसाला काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, आंबोळी, सोलकढी मिळते. फक्त कढई-तवा वेगळा ठेवतात का ते विचारा, बरेचदा ठेवत नाहीत. ज्वारीची भाकर मिळायची नाही, तांदळाची मिळेल. वाटणात नारळ भरपूर असतो, सावजीची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी ते गोडसर लागतं. घरचा ठेचा डब्यात नेलात तर कोणी हसणार नाही.

समुद्रात कधी उतरायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा उशिरा येतो आणि त्याच्यामागे पाणीही, म्हणून हा पाऊणपटीचा हिशोब. पाणी चढत असताना आंघोळ करा, उतरत असताना बाहेर या, कारण उतरतं पाणी पाय ओढतं. म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर दुपारनंतर, पौर्णिमेच्या आसपास गेलात तर सकाळीच. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला, पाणी चढतंही जास्त आणि ओढतंही जास्त. विहिरीत पोहणारा पट्टीचा असला तरी त्याला कमरेच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि साडी-जीन्स घालून उतरू नका, ओलं कापड पायात येतं.

प्रवासाचं: नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते, बडनेरा-अकोल्याला थांबते आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला सोडते. पुढे मालवण तीसेक किलोमीटर, एसटी किंवा रिक्षा. विशेष गाडी असल्यानं तिची मुदत वाढवत राहतात, तेव्हा आधी तिकीट हातात घ्या, मग खोलीचा आगाऊ भरणा करा. परतीची गाडी रात्रीची असते आणि खोली सोडायची वेळ सकाळी दहा-अकराची, म्हणून सामान ठेवायला जागा आणि संध्याकाळी हातपाय धुवायला न्हाणीघर मिळेल का, हे बुकिंगच्या फोनवरच ठरवा. ऐनवेळी त्याचेच अर्ध्या दिवसाचे पैसे लावतात. सगळं ठरलं की दर, माणसं, जास्तीच्या गादीचे पैसे, नाश्ता धरून की सोडून, एवढं मेसेजवर लिहून मागवा. प्रत्येकाचं आधार सोबत हवं.

31 डिसेंबरची गर्दी सरल्यावर, म्हणजे 5-6 तारखेनंतर जा. दर उतरतात. तोवर तुमची कापसाची वेचणीही बरीच आटोपलेली असेल आणि हरभरा सोंगायला वेळ असेल. फक्त 26 जानेवारीला जोडून येणारी सुट्टी सोडा.

बॅगेत दहा फूट दोरी आणि चिमटे टाका. तिथं टॉवेल रात्रभर वाळत नाही.