वाचकांचे प्रश्न : गोष्ट घरी नेता आली पाहिजे

लहान मुलांसाठी घेतला जाणारा गोष्टींचा तास आणि त्याला जोडून करायची हस्तकला यांविषयी गेल्या काही महिन्यांत मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर रविवारी सकाळी ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू करण्याचे मनात आहे. मोबाइलवर शोधले की महिन्यागणिक विषयांच्या याद्या मिळतात. परंतु त्यांत बर्फाचा माणूस, पेंग्विन, भोपळ्याचे मुखवटे असे विषय असतात. आमच्या मुलांसाठी वर्षभराचे विषय कसे ठरवावेत आणि गोष्टीची हस्तकलेशी सांगड कशी घालावी?
— ग्रंथपाल, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : पेंग्विनला माझा विरोध नाही. मूल ७-८ वर्षांचे झाले की त्याला दूरच्या प्रदेशांचे अपार कुतूहल वाटू लागते आणि तेव्हा बर्फ, समुद्र, वाळवंट सारे काही आणावे. मात्र ३ वर्षांच्या मुलाने ज्या वस्तूला कधी हात लावलेला नाही, जिचा वास घेतलेला नाही, तिच्यावरची गोष्ट त्याला चित्रापुरतीच कळते. म्हणून विषय निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : या आठवड्यात या मुलाच्या अंगणात, शेतात किंवा स्वयंपाकघरात हा विषय प्रत्यक्ष आहे का? हस्तकलेलाही माझी एकच कसोटी असते : जे बनवले ते हातात धरून मुलाला घरी आजीसमोर ती गोष्ट पुन्हा सांगता येईल का? ज्या कागदी फुलावरून कोणतीच गोष्ट सांगता येत नाही ते कितीही देखणे असले तरी त्या दिवशीच्या तासाशी त्याचा संबंध नाही, असे मी मानते.

आषाढापासून सुरुवात करू. पावसाचा विषय घ्यावा आणि काऊचिऊची गोष्ट सांगावी. ती सर्वांना येते म्हणून टाळण्याचे कारण नाही. लहान मुलांना येत असलेलीच गोष्ट पुनःपुन्हा हवी असते. पण आज शहरातल्याच नव्हे, खेड्यातल्याही ४ वर्षांच्या मुलाला विचारून पाहा, चिमणीचे मेणाचे घर का वाहून गेले नाही, हे त्याला सांगता येत नाही, कारण मेण म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. येथे हस्तकला कामाला येते. प्रत्येक मुलाला साध्या जाड कागदाचे दोन तुकडे द्यावेत. गुळगुळीत लग्नपत्रिका घेऊ नयेत, कारण तिच्यावरून पाणी तसेही घसरते. दोन्हींवर मुलांनी घर काढावे. एका घरावर पांढरी मेणबत्ती दाबून, मागेपुढे, एकही जागा न सोडता घासावी आणि दुसऱ्यावर ओल्या मातीचा पातळ हात फिरवावा. मग मुलांनी बोटे पाण्यात बुडवून दोन्ही घरांवर पाऊस पाडावा. मातीचे घर भिजते, रंग ओघळतो, कागद लोळागोळा होतो. मेणाच्या घरावर मात्र पाण्याचे मणी होऊन घरंगळतात. त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासाठी मी हा तास दरवर्षी घेत आले आहे. एकदा एक मुलगी उठून मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘आपण काऊच्या घराला पण मेण लावू.’’ गोष्ट मी संपवली होती, तिने ती पुढे नेली. हस्तकला म्हणजे गोष्टीनंतरचा विरंगुळा नसून गोष्टीचा पुढचा भाग आहे, हे मला त्या दिवशी नीट समजले.

श्रावणाच्या अखेरीस पोळा येतो. बैलांची गोष्ट आपल्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने येऊन सांगावी; त्याच्या बैलाचे नाव, त्याची खोड, त्याला काय आवडते, एवढे पुरे. मग मातीचे बैल. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे नुसत्या मातीचे बैल दुसऱ्या दिवशी पायांतून तडकतात आणि मुले रडतात. माती चाळून, तीत थोडी बारीक वाळू आणि पिंजलेल्या कापसाचे धागे मिसळून चांगली मळावी, पाय आखूड व जाड ठेवावेत आणि बैल सावलीत, ओलसर फडक्याखाली सावकाश वाळवावेत. रंग पुढच्या रविवारी द्यावा, म्हणजे एकाच विषयाचे दोन तास आपोआप होतात आणि गोष्टही दोनदा सांगून होते.

आपल्या भागाचे खरे भाग्य म्हणजे येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडची घरेच्या घरे शेतात जातात, कडब्याची कोप उभी राहते, भज्जी आणि आंबील होते, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांना त्यावाचून दुसरे बोलणे सुचत नाही. त्या रविवारी लेकीकडे जाऊन खाऊन-पिऊन लठ्ठ होणाऱ्या आणि भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्यावी. नारळाची अर्धी करवंटी खरकागदाने घासून तिच्या कडा गुळगुळीत करून ठेवाव्यात; हे काम मोठ्यांनी आधी करायचे आहे. मुलांनी चिंधीची म्हातारी गुंडाळून तीत बसवावी. करवंटी जमिनीवर ठेवून बोटाने ढकलली की ती डुलते आणि मुले न सांगता टुणूक टुणूक म्हणू लागतात. ज्वारीच्या धांड्यांची छोटी कोप करायची असेल तर ती सर्वांनी मिळून एकच करावी आणि वाचनालयातच ठेवावी.

उरलेल्या महिन्यांविषयी थोडक्यात सांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडातून सरकी वेगळी करून वात वळणे. संक्रांतीच्या सुमारास हुरडा आणि पाखरे. फाल्गुनात पळसाची फुले गरम पाण्यात रात्रभर भिजवून केशरी रंग. उन्हाळ्यात पाणी, माठ आणि चिमण्यांसाठी वाडगे. वसमतकडच्या वाचकांनी हळदीचा तास अवश्य घ्यावा : हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बोट फिरवले की लालसर रेघ उमटते आणि गोष्टीतली जादू तेथेच घडते. चुन्यानेही ती उमटते, पण चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये.

तास ४५ मिनिटांपेक्षा मोठा नको. येणाऱ्या मुलांसाठी एक ठरलेले गाणे असावे. ते सुरू झाले की सतरंजीवर बसायचे, हे मुलांना दोन आठवड्यांत कळते. गोष्ट १० मिनिटांची, मग अंग हलवणारा एखादा खेळ, आणि २० मिनिटे हातकाम. हातकाम अपुरे राहिले तर राहू द्यावे. सांगितलेल्या गोष्टीचे पुस्तक त्या दिवशी घरी नेण्यासाठी काढून ठेवले, तर मुलांबरोबर आई-वडिलांचीही वाचनालयात नोंद होऊ लागेल.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत २२ मुले आहेत. त्यांपैकी निम्मी तांड्यावरून येतात आणि घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. गोष्ट सांगताना ती शांत बसतात, पण एक शब्दही बोलत नाहीत. दिवाळीच्या सुमारास त्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात, मुलेही सोबत जातात आणि विषय मध्येच तुटतो. साहित्यही फारसे नाही. काय करावे?
— अंगणवाडी सेविका, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. मुले शांत बसतात याचा अर्थ त्यांना गोष्ट कळते असा नाही आणि त्यांना काही येत नाही असाही नाही. त्यांच्याजवळ शब्द भरपूर आहेत, ते आपल्या कानांना ओळखीचे नाहीत, इतकेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. मग ३ वर्षांच्या मुलाला तर तो आधार किती हवा असेल! तांड्यावरच्या एखाद्या आजीला महिन्यातून एकदा बोलवा आणि तिला तिच्या भाषेत गोष्ट सांगू द्या. त्या दिवशी मराठी बोलणारी मुले गप्प बसतील आणि तांड्यावरची मुले त्यांना अर्थ सांगतील. ही उलटापालट फार मोलाची आहे. एरवी तुम्ही मराठीत गोष्ट सांगताना दोन-चार शब्द त्यांचे घाला. गोष्टीतल्या आईला एकदा ‘याडी’ म्हणा, भाकरीला ‘बाटी’ म्हणा. मूल मान वर करून तुमच्याकडे पाहते की नाही, ते पाहा.

साहित्याची उणीव मी हलकी लेखत नाही. तरी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे अनुताई वाघ यांच्या सोबतीने कोसबाडला नेले, आणि मुलांच्या वस्तीत जाऊन त्यांच्याच अंगणात शाळा भरवली, तेव्हा खडे, पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे साहित्य होते. ‘अंगणवाडी’ या शब्दात ते अंगण आजही आहे. तुमच्याकडे तुराट्या आहेत, माती आहे, आणि तांड्यावरच्या घरोघरी रंगीत कापडाचे तुकडे आहेत. गोरमाटी बायांची कापडाला कापड जोडण्याची कला पाहत वाढलेल्या मुलांना चौकोनी तुकडे पिठाच्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायला दिले, तर त्यांचे हात कसे भराभर चालतात ते तुम्हालाच दिसेल. आरसे आणि कवड्या मात्र या वयात नकोत.

स्थलांतराविषयी माझी एक विनंती आहे. विषय तुटतो असे मानू नका, जाण्यालाच विषय करा. मुले जाण्याआधीच्या आठवड्यात प्रवासाची गोष्ट निवडा. बैलगाडी, रस्ता, ऊस, कोपी ही त्यांची रोजची दुनिया तीत यावी. प्रत्येक मुलासाठी जुन्या साडीच्या फडक्यात गोष्टीतली तीनच पात्रे बांधून द्या : एक चिंधीची बाहुली, एक मातीचा बैल, एक पुठ्ठ्याचे चाक. फडाजवळच्या कोपीत संध्याकाळी ते गाठोडे सुटेल आणि गोष्ट तेथे सांगितली जाईल. मार्च-एप्रिलमध्ये मुले परत येतील तेव्हा पहिला आठवडा तुम्ही गोष्ट सांगू नका. त्यांनी काय पाहिले ते त्यांच्याकडून ऐका, त्याची चित्रे मागे राहिलेल्या मुलांकडून काढून घ्या आणि ती सर्व एका दोऱ्यात ओवून भिंतीवर लावा. गाठोडे हरवले असेल तर त्याबद्दल विचारूही नका.

प्रश्न : माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. त्याच्या शाळेतून दर सणाला अतिशय सुबक वस्तू घरी येते, पण ती त्याने केलेली नाही हे स्पष्ट दिसते. घरी तो जे करतो ते वेडेवाकडे असते. मी ते सुधारून द्यावे का?
— एक आई, जालना

उत्तर : सुधारू नका. त्याने बैलाला पाच पाय लावले असतील तर पाचव्या पायाबद्दल विचारा. बहुधा ती शेपटी असते किंवा त्यामागे एखादी गोष्ट असते, आणि ती ऐकणे हाच त्या हस्तकलेचा उपयोग आहे. ‘‘छान आहे’’ एवढे म्हणून थांबण्यापेक्षा ‘‘हा कुठे चालला आहे?’’ असे विचारले, तर मूल कितीतरी वेळ बोलत राहते. शाळेला दोष न देता शिक्षिकेला एवढेच सांगा की आम्हाला त्याच्या हातचे, अपुरे राहिलेले काम घरी पाठवले तरी आनंद होईल. अनेक शिक्षिका पालकांच्या अपेक्षेपोटीच रात्री जागून त्या वस्तू पूर्ण करतात आणि असा निरोप आला की त्यांचा भार हलका होतो.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी नातवंडांना आणि गल्लीतल्या मुलांना जमवून गोष्टी सांगतो. पाने, फुले, बिया गोळा करून त्यांच्याकडून चित्रे करून घेण्याचा विचार आहे. काही काळजी घ्यावी लागेल का?
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : गुरुजी, काळजी नक्कीच घ्यावी लागेल. लाल-काळ्या गुंजा मुलांना मोत्यांसारख्या वाटतात, पण त्या विषारी आहेत. एरंडाच्या बियाही तशाच. धोतरा आणि कण्हेर यांची पाने-फुले-फळे घेऊ नयेत. रुईचा चीक डोळ्यांना फार घातक असतो, आणि बांधावरचे गाजर गवत अनेकांच्या अंगावर पुरळ उठवते, म्हणून पांढरी बारीक फुले हवीत तर ती कशाची आहेत हे पाहूनच घ्यावीत. कडुनिंब, पिंपळ, आंबा, चिंच यांची पाने, चिंचोके, वाळलेल्या शेंगा, ज्वारीची कणसे एवढ्यावर सुंदर काम होते.

डिंकाऐवजी घरची खळ उत्तम. गव्हाचे पीठ किंवा मैदा थंड पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत शिजवावा. तुमच्या लहानपणी पतंग आणि पुस्तके चिकटवताना खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेला तुम्ही पाहिला असेल. मुलांच्या खळीत तो कदापि घालू नये, कारण तो विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातातच. खळ ताजी करावी आणि उरली तर टाकून द्यावी.

तुमच्या मेळाव्यात ३ वर्षांखालील नातवंड असेल तर त्याच्यासमोर डाळी, शेंगदाणे, चिंचोके यांतले काहीही ठेवू नये. दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्याच वयात सर्वांत जास्त असतो. त्याला मोठी पाने आणि मळलेल्या कणकेचा गोळा द्यावा. मोठ्या मुलांना चिंचोके देताना मोजून द्यावेत आणि उठताना त्यांच्याकडूनच मोजून परत घ्यावेत. मुलांना हे मोजणे फार आवडते, आणि सतरंजी झटकण्याआधी एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत शोधावा.