‘देवाने तोंड फिरवले आहे’ असे सांगितले गेल्यावर : पाप, दुरावा आणि तारण याविषयी

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

आपले माहेर नगरकडचे प्रोटेस्टंट, सासर वसईचे कॅथलिक, बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. दोनदा गर्भ राहून टिकला नाही, तेव्हा प्रार्थनागटातील एका भगिनीने ‘तुमच्या जीवनात लपलेले पाप आहे, म्हणून देव ऐकत नाही’ असे सांगून बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 59व्या अध्यायातील दुसरे वचन आपल्याला मोठ्याने वाचायला लावले. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाही आणि आपल्या हातून क्षमाच नसलेले पाप घडले असावे, ही भीती जात नाही. गट म्हणतो, पुन्हा बाप्तिस्मा घ्या. सासूबाई म्हणतात, फादरांकडे पापनिवेदनाला, म्हणजे एकांतात पापे कबूल करायला जा. यांपैकी खरे कोणते, असे आपण विचारले आहे. याच्या जवळपासची काही वर्षे मी काढलेली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) नाही, ईश्वरविज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही; रविवारच्या शाळेत शिकवत आलो आहे, एवढाच अधिकार समजावा. आदामापासून वधस्तंभापर्यंतचा क्रम आपल्याला पाठ असणार, म्हणून तो येथे सांगत बसत नाही.

प्रथम त्या वचनाविषयी. तुमच्या अधर्माने तुमच्यात आणि तुमच्या देवात आडभिंत उभी केली आहे, असे ते वचन सांगते आणि ते खरेच सांगते. ख्रिस्ती शिकवणीत पापामुळे येणारा दुरावा हा मनाचा खेळ मानलेला नाही. परंतु त्याच्या आधीचे, म्हणजे पहिलेच वचन असे आहे की उद्धार करता येऊ नये इतका परमेश्वराचा हात तोकडा झालेला नाही. पुढच्या दोनतीन वचनांत संदेष्टा ज्यांच्याशी बोलतो आहे त्यांचे हात रक्ताने माखलेले आहेत, ओठ खोटे बोलत आहेत आणि न्यायासनापुढे खरेपणाने दाद मागणारा कोणी उरलेला नाही. हा आरोप अन्याय करणाऱ्या समाजावर आहे. ज्या स्त्रीचा गर्भ टिकला नाही तिच्या घरात पाप शोधण्यासाठी तो लिहिलेला नाही. शिवाय अध्याय तेथे संपतही नाही. 16व्या वचनात मध्यस्थी करायला कोणी नाही हे पाहून परमेश्वर स्वतःच्याच बाहुबलाने उद्धार करतो आणि 20व्या वचनात उद्धारक सीयोनेकडे येतो. ज्या अध्यायाच्या दोन्ही अंगांना उद्धार आहे त्यातून मधले एक वचन उपटून ते दुःखी माणसाच्या हातात देणे मला अजिबात पटत नाही.

आजारपण किंवा अपत्यहानी ही अमुक पापाची शिक्षा आहे, असे सांगणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) 9वा अध्याय उघडावा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते असेही तो म्हणू देत नाही. मात्र ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. म्हणजे त्या प्रसंगातून पापाचा विचार करायचाच असेल तर बोट दाखवणाऱ्याने स्वतःच्या पापाचा करायचा आहे.

क्षमा नसलेल्या पापाबद्दल मार्कच्या 3ऱ्या अध्यायातील प्रसंग पाहावा. यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशू लोकांना बरे करतो हे डोळ्यांनी पाहत होते आणि तरीही हे काम भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने चालले आहे, असे लोकांना सांगत होते. पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, हे वाक्य येशूने तेव्हा का उच्चारले हे शुभवर्तमानकाराने 30व्या वचनात स्वतःच नोंदवून ठेवले आहे: त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे, असे ते म्हणत होते म्हणून. समोर उभे असलेले चांगले जाणूनबुजून सैतानाचे ठरवून त्यावर अडून राहणे, असा त्याचा अर्थ बहुतेक भाष्यकार करतात. देव आपल्याला परत घेईल की नाही या काळजीने ज्याची झोप उडाली आहे तो त्या शास्त्र्यांच्या रांगेत बसत नाही, असे पाळकीय कामात मुरलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत आणि माझेही तेच मत आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. माझ्या आयुष्यात एक गोष्ट घडून गेली होती. ती कोणती हे येथे लिहीत नाही, कारण ती ज्याला सांगायला हवी होती त्याला सांगून झाली आहे. (आपणही असे काही असल्यास ते येथे लिहू नका. अनोळखी लोकांपुढे केलेल्या पापकबुलीने कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.) त्या ओझ्याखाली मी आमच्या तेव्हाच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यालयात गेलो. मंडळीचे नाव घेत नाही. पाळकसाहेबांशी दहा मिनिटे एकांतात बोलायचे आहे, एवढेच मी म्हणालो. कारकुनाने वर्गणीची वही काढली, माझ्या नावाच्या ओळीवरून बोट शेवटच्या रकान्यापर्यंत नेले आणि बाकी भरून पावती जोडल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही, असे सांगितले. अर्ज कशाचा, हे मला कळेना. विषय ‘शिस्तीचा’ दिसतो, तेव्हा तो कमिटीपुढेच जाईल, पाळकसाहेबांना परस्पर भेटता येणार नाही, माफीनामा दोन प्रतींत द्यावा लागेल, असे उत्तर मिळाले. मी तो दिला. तो कमिटीच्या सभेत मोठ्याने वाचला गेला आणि त्या सभेत त्या प्रकरणाशी नात्याने जोडलेली माणसेही बसलेली होती. पुढील निर्णय होईपर्यंत प्रभुभोजनात (भाकर आणि प्याल्याच्या संस्कारात) सहभागी होऊ नये, असे मला तोंडी कळवण्यात आले. निर्णयाला मुदत नव्हती. काही काळाने कमिटीची मुदत संपली; नवी कमिटी म्हणाली की कागद जुन्या कमिटीकडे आहेत, आणि जुन्या कमिटीचे सदस्य म्हणाले की आता आम्हाला अधिकार नाही.

रागाची गोष्ट निराळी, पण त्यातून झालेले नुकसान मोठे होते. मंडळीचे मौन हेच देवाचे मौन, असे माझ्या मनाने धरले आणि रविवारी भाकर व प्याला फिरू लागले की मी मागच्या बाकावरून उठून बाहेर जाऊ लागलो. मला वाचून दाखवलेले वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायातील 27वे होते, अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो, हे. पुढे परगावच्या एका सेवानिवृत्त पाळकांनी, ज्यांचा त्या मंडळीशी काही संबंध नव्हता, तोच अध्याय मला 17व्या वचनापासून वाचायला लावला. करिंथ येथे खातेपीते लोक आधी जेवून घेत, कोणी दारूने धुंद होई आणि गरीब भावंडे उपाशी राहत. पौलाचा संताप त्यावर आहे. खचलेल्या माणसाला मेजावरून उठवण्याची व्यवस्था त्या वचनात नाही. त्या पाळकांनी माझे सगळे ऐकून घेतले, एकही कागद मागितला नाही, क्षमेची वचने वाचली आणि ज्याचे नुकसान झाले होते त्याच्याकडे मला पाठवले.

मंडळीत शिस्त असू नये असे माझे म्हणणे नाही. मत्तयच्या 18व्या अध्यायात तिची पद्धत दिली आहे: आधी दोघांनीच एकांतात बोलावे, मग एकदोन साक्षीदार न्यावे आणि ते न साधल्यास मंडळीला सांगावे. आमच्याकडे शेवटची पायरी पहिली झाली. सगळीकडे असेच चालते असेही म्हणत नाही. उत्तम चालवलेल्या मंडळ्या आणि कमिट्या मी पाहिल्या आहेत.

त्या कार्यालयाने क्रम उलटा केला होता आणि तारणाच्या शिकवणीत क्रमालाच महत्त्व आहे, असे मला वाटते. जक्कयाची गोष्ट घ्या, लूकचा 19वा अध्याय. तो जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडावरून खाली उतरायला सांगतो आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हणतो. लोक कुरकुर करतात. त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे बोलतो. चौपट भरपाईची पावती पाहून येशू त्याच्या घरी गेला नाही. उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायातही झाडांमागे लपतात ती माणसे, आणि ‘तू कोठे आहेस’ अशी हाक मारत बागेतून येतो तो परमेश्वर. बागेतून त्यांना घालवून देण्याआधी तो त्यांना चामड्याची वस्त्रे करून घालतो, हे आपल्याकडच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पौल याहूनही स्पष्ट लिहितो की आपण पापी असतानाच, शत्रू असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला आणि समेट झाला. पश्चात्ताप अनावश्यक आहे असा याचा अर्थ नाही. पश्चात्ताप हे त्या समेटाला दिलेले उत्तर आहे, त्याची फी नाही.

येथे थोडे आडवळणाने एक मत नोंदवतो. सभांमधून नेहमी सांगितला जाणारा न्यायाधीशाचा दृष्टान्त, ज्यात न्यायाधीश दंड ठोठावतो आणि निरपराध मुलगा तो भरतो, मला अपुरा वाटतो. वधस्तंभाचा अर्थ मंडळीने अनेक अंगांनी मांडला आहे: बलिदान, खंडणी, मरणावरील विजय, आणि शिक्षा आपल्याऐवजी दुसऱ्याने सोसणे. यांतील शेवटचे अंग एकटेच धरले की पिता रागावलेला आणि पुत्र तेवढा दयाळू, असे चित्र मनात बसते आणि मग आपल्यासारख्या दुखावलेल्या व्यक्तीला पित्याकडे वळण्याचे धैर्य होत नाही. पौलाने दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात लिहिले आहे ते असे की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करीत होता. म्हणजे पुढाकार पित्याचाच. वधस्तंभावर येशूने 22व्या स्तोत्रातील ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा आक्रोश उच्चारला, तेव्हा दुराव्याची ती जागाही देवाच्या पुत्राने आपल्या अंगावर घेतली. शब्द फुटत नसतील तर तेच स्तोत्र वाचावे. स्वतःची प्रार्थना सुचलीच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही.

सासर आणि माहेर यांच्यातील ओढाताणीविषयी. कृपा आणि कर्म या मुद्द्यावर सोळाव्या शतकात मंडळी दुभंगली हे खरे, परंतु 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक मंडळी आणि लूथरन जागतिक संघ (मार्टिन लूथरच्या परंपरेतील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा) यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने देवाकडून स्वीकारला जातो हे दोघांनी एकत्र मांडले. 2006 मध्ये मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असे नाही, पण तारण कोणाचे, सासरचे की माहेरचे, ही चिंता आपण सोडायला हरकत नाही. आपण कॅथलिक मंडळीत रीतसर सामील झालेल्या असाल तर सासूबाईंचा सल्ला वाईट नाही. सामील झालेल्या नसाल तर पापनिवेदनाचा संस्कार आपल्याला तेथे मिळेल की नाही हे फादरांनाच विचारावे, आणि नुसते बोलायला जायचे असेल तर हा प्रश्नच येत नाही. पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट फादर कोणालाही सांगू शकत नाहीत आणि त्यासाठी पैसेही लागत नाहीत. मी प्रोटेस्टंट असून हे लिहितो आहे, कारण त्या कमिटीपुढे उभे राहिल्यावर या दोन गोष्टींचे मोल मला चांगलेच कळले.

बाप्तिस्मा होऊनही देव दूर वाटणे, हे आपल्या एकट्याचे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. आणि याच काळाविषयी त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. एवढ्या विदुषीला आणि एवढे काम चालू असताना जे लागले ते आपल्याला लागले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आपल्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असे सांगणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी शंका घेत नाही. बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या परंपरा जुन्या आणि आदरणीय आहेत. तरीही माझे मत विरुद्ध आहे. दुःखाच्या भरात, भीतीपोटी घेतलेला संस्कार पुढे भीतीचाच पुरावा होऊन बसतो, आणि गर्भ राहण्याशी त्याचा संबंध जोडला जाणार असेल तर तो घेऊच नये. त्या गटात ‘बंधनातून सोडवण्यासाठी’ तेल, रुमाल किंवा दानाची रक्कम असे काही निघाले तर तेथून उठावे.

दोन व्यावहारिक गोष्टी. दोनदा असे झाल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून कारणांची नीट तपासणी करून घ्यावी. ती झालेली असेल तर माझे लिहिणे अनाठायी समजावे. झोप आणि भूक उडालेली असेल आणि तेच ते अपराधी विचार थांबवूनही थांबत नसतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यात अविश्वास नाही. संन्यासी असताना मार्टिन लूथर तासन्‌तास पापनिवेदन करून पुन्हा काही राहून गेले म्हणून परत येत असे. असे मन फक्त वचनांनी शांत होते असे मी तरी पाहिलेले नाही.

ज्यांच्याकडे जाल ते पाळक असोत वा फादर, आधी फोनवर विचारा की आपण एकटे ऐकणार की कोणापुढे मांडणार. ‘कमिटीपुढे ठेवावे लागेल’ असे उत्तर आले तर दुसरीकडे जा. यजमानांना बरोबर नेण्यास हरकत नाही, उलट ते बरे. आणि भेटीला जाताना काहीही लिहून नेऊ नका. कोणी कागद मागितलाच तर देऊ नका.