फ्लक्स बघितलास का?

तुझा मेल रात्री अडीचला आलेला दिसला. "ऑटोफॅजी कॅन्सर रोखते की पोसते, एकच काय ते सांगा." ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग मोडून परत वापरणं, त्याला एकच उत्तर असतं तर मी इतकी वर्षं एमसीएफ-७ पेशी, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, वाढवत बसलो नसतो.

१९९९ मध्ये बेथ लेविनच्या ग्रुपने त्याच पेशींमध्ये ऑटोफॅजीला लागणारं बेक्लिन-१ घातलं, ऑटोफॅजी वाढली आणि उंदरात गाठी कमी झाल्या. (त्याचं जीन बीआरसीए-१ या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जीनच्या शेजारीच, त्यामुळे ट्यूमरमध्ये खरं गायब कोण यावर नंतर वाद झाला, ते सोड.) पुढे दिसलं की टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेन अडवणारं औषध, दिल्यावर पेशी ऑटोफॅजीच्याच जोरावर तग धरतात, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींचं अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, तोडलं की तेच. दोन्ही खरं. गाठ व्हायच्या आधी ती पेशीतला कचरा काढते, हॉर्मोनचा आधार गेला की तीच घरातलं मोडून पेशीला जगवते.

पण तुझा घोळ हा नाहीच. ब्लॉटवर एलसी३-टूचा, म्हणजे ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसणाऱ्या प्रोटीनचा, बँड जाड दिसला आणि तू लिहून मोकळी, "ऑटोफॅजी वाढली". कशावरून? पाणी साचलं म्हणजे नळ जास्त सुटला की खालचं भोक तुंबलं? बॅफिलोमायसिन लायसोसोमचं, म्हणजे पेशीतला कचरा जिरवणाऱ्या पिशवीचं, काम थांबवतं, त्याने भोक मुद्दाम बंद कर, मग औषधाने बँड अजून चढतो का बघ. फ्लक्स बघ, म्हणजे कचरा शेवटपर्यंत वाहून जिरतोय का ते. टॅमॉक्सिफेन स्वतःच लायसोसोमची आम्लता बिघडवू शकतं, म्हणून तर जास्तच बघ.

मी हेच केलं होतं. पोस्टरसमोर एका सीनियर बाईंनी विचारलं बॅफिलोमायसिनची लेन कुठाय, मी वीस मिनिटं हुज्जत घातली, आणि परत लॅबमध्ये येऊन प्रयोग केला तर माझं औषध नुसतं तुंबवत होतं. वर्ष गेलं. तेव्हापासून लोक म्हणतात मी पेपर अडवतो. अडवतो, मग? चार लेन जास्त टाकायला काय जातं? एका दुपारचं काम आहे आणि माझं वर्ष गेलं त्यापेक्षा स्वस्तच आहे, हे मी रागावून नाही सांगत, म्हणजे थोडं रागावूनच सांगतोय.

आणि पेशी वाढवायच्या मीडियातला फिनॉल रेड हा रंग काढ, तो थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो. चारकोल स्ट्रिप्ड सीरम, म्हणजे कोळशाने हॉर्मोन काढलेलं सीरम, वापरतेस तर लक्षात ठेव, त्यातून हॉर्मोनसोबत बाकीचंही बरंच जातं, पेशी नुसत्या उपाशी असतील तर? तोही कंट्रोल हवा.

कंट्रोल, औषध, बॅफिलोमायसिन, दोन्ही एकत्र. सोबत पी६२ पण लाव, ऑटोफॅजी नीट चालली की ते प्रोटीन सहसा कमी होतं. ब्लॉट आला की कच्चाच पाठव, कापलेला नको.