मायक्रोफ्लुइडिक चिप (केसासारख्या बारीक चॅनलमधून द्रव खेळवणारी चिप) बाहेरच्या सोलेनॉइडशिवाय, म्हणजे हवेची लाइन उघडझाप करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हशिवाय, स्वतःचं स्वतः चालू शकते का?

हो, चालते. तुमचं म्हणणं असं, की व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो म्हणजे तो ट्रान्झिस्टरच झाला, मग चिपबाहेर वीस सोलेनॉइड आणि कंट्रोलरचा पसारा कशाला? यातली मेख पहिल्याच वाक्यात आहे. उघडझाप साधा नळही करतो. ट्रान्झिस्टर म्हणायचं तर एका टप्प्यातून निघालेल्या सिग्नलने पुढचा टप्पा पूर्ण ताकदीनिशी चालवला पाहिजे. थोडक्यात, गेन हवा, म्हणजे छोट्या बदलातून मोठा बदल निघाला पाहिजे.

स्टीफन क्वेक यांच्या गटाने 2000 साली दाखवलेला पीडीएमएसचा (रबरासारख्या मऊ सिलिकोनचा) व्हॉल्व्ह आज सगळीकडे वापरतात. वरच्या-खालच्या चॅनलमध्ये पातळ पडदा आणि कंट्रोल चॅनलमध्ये हवेचा दाब. पण तो बंद करायला लागणारा दाब आतल्या प्रवाहाच्या दाबापेक्षा जास्त असावा लागतो, त्यामुळे एकाच्या आउटपुटने दुसरा चालवायला गेलात की दोन-चार टप्प्यांत सिग्नल मान टाकतो. म्हणून कंट्रोल बाहेर राहिला. (तुमच्या वीस लाइन तशा कमी नाहीत बरं का. मल्टिप्लेक्सर, म्हणजे थोड्या लाइनींच्या जोड्यांनी अनेकांतला एक चॅनल निवडणारी रचना, नीट मांडला तर तेवढ्यात 1024 चॅनल निवडता येतात.) 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी पडद्याची कंट्रोलकडची बाजू क्षेत्रफळाने मोठी केली आणि कमी दाबाने जास्त दाब अडवून दाखवला.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे आहात, तर सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मॅथीज गटाच्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हपासून करा असं मी सांगेन. चॅनल मध्येच एका भिंतीने तोडलेला असतो, पडदा भिंतीवर टेकलेला, म्हणजे एरवी बंद. पडद्याच्या पलीकडच्या खोलगट भागात, म्हणजे गेटमध्ये, व्हॅक्यूम दिला की पडदा उचलला जातो आणि हवा भिंतीवरून पलीकडे जाते. व्हॅक्यूम म्हणजे 1, वातावरणाचा दाब म्हणजे 0.

आता गंमत बघा. या व्हॉल्व्हमधून 0 छान जातो, पण 1 अडखळतो. चॅनलमधला व्हॅक्यूम गेटमधल्या व्हॅक्यूमइतका होत आला की पडद्याला ओढायला फरकच उरत नाही, आणि तो मिटतो. हुबेहूब एनमॉस ट्रान्झिस्टर, तोही 0 नीट आणि 1 कमजोर पाठवतो! त्यामुळे इन्व्हर्टरही (1 चा 0 आणि 0 चा 1 करणारं सर्किट) तसाच बांधायचा: व्हॉल्व्हची एक बाजू वातावरणाला, दुसरी बाजू आउटपुटला, आणि आउटपुटपासून व्हॅक्यूमपर्यंत एक लांब नागमोडी चॅनल, तोच पुल-अप रेझिस्टर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना आउटपुटला 1 कडे ओढणारा रोध. दोन व्हॉल्व्ह पॅरललमध्ये लावले की नॉर (एकही इनपुट 1 असलं की आउटपुट 0), सिरीजमध्ये लावले की नँड (दोन्ही 1 असली तरच 0).

सगळी डोकेदुखी त्या नागमोडी चॅनलची आहे. त्याचा रोध कमी पडला तर व्हॉल्व्ह उघडूनही आउटपुट 0 पर्यंत येत नाही. फार झाला तर पुढच्या गेटमधली हवा उपसायलाच वेळ जातो. रुंद, उथळ चॅनलची खोली निम्मी केली की रोध आठपट होतो, त्यामुळे लांबीपेक्षा खोलीवर लक्ष ठेवा.

इन्व्हर्टर जमला की विषम संख्येने गोल जोडा. व्हॅक्यूम देताच हा रिंग ऑसिलेटर 0 आणि 1 मध्ये आपोआप धडधडायला लागतो. कॅलिफोर्नियाच्याच अर्व्हाइन विद्यापीठात एलियट हुई यांच्या लॅबने यावर पेरिस्टाल्टिक पंप (ओळीने व्हॉल्व्ह दाबून द्रव पुढे ढकलणारे) चालवले, फायनाइट स्टेट मशीनही, म्हणजे ठरलेल्या क्रमाने टप्पे बदलणारं सर्किट, केलं. वेग मात्र हर्ट्झच्या हिशेबातला, आणि व्हॅक्यूमचा एक स्रोत लागतोच.

हवा नको, थेट द्रवच हवा असेल तर मेहमेट टोनर यांच्या गटाचा 2023 चा 'नेचर'मधला पेपर वाचा. मऊ चॅनलमध्ये दाब वाढवला तरी एका मर्यादेनंतर प्रवाह वाढत नाही, कारण पडदाच आत दबतो. ट्रान्झिस्टरचं सॅच्युरेशन (व्होल्टेज वाढवूनही करंट न वाढणं) ते यातून मिळवतात. त्यांनी अँप्लिफायर आणि लॅच (0 किंवा 1 लक्षात ठेवणारं सर्किट) तर केलेच, शिवाय एकेक कण ओळखून पुढे सोडणारं सर्किटही केलं.

घरी-कॉलेजात करायचं तर अॅक्रिलिकचे दोन तुकडे, मध्ये पाव मिलिमीटरची पीडीएमएस शीट, आणि क्लँप. शीट चिकटवणार असाल तर भिंतीच्या माथ्यावर ती चिकटता कामा नये. मोठं सर्किट काढण्याआधी एकाच इन्व्हर्टरला प्रेशर सेन्सर लावून इनपुट-आउटपुटचा आलेख काढा. मधला उतार, म्हणजेच गेन, 1 पेक्षा तीव्र आला तरच पुढची चिप कापायला घ्या.